नऊ बैलांचा घाणा

नरडाण्याच्या भिकुबाई तेलिणीला जन्मात कधी चक्कर आली नाही. उपासाची नाही, उन्हाची नाही, चार बाळंतपणांचीही नाही. कारण उघड होतं. यावलकडच्या माहेरून अकराव्या वर्षी ती वना तेल्याच्या घरात आली ती थेट घाण्यामागेच उभी राहिली. पुढे बैल, मागे ती, उजाडल्यापासून दुपार कलेपर्यंत गोल गोल. वीस वर्षं असं फिरल्यावर माणसाला एक तर वेड लागतं, नाहीतर हसू येतं. भिकुबाईला हसू यायचं. बैलाशी बोलायची, बियांशी बोलायची आणि दोघांनीही काहीतरी चावट उत्तर दिल्यासारखी खुदकन हसायची. सासू म्हणायची, हिच्या डोक्यात वारं शिरलंय. शिरलं असेल. खानदेशात वाऱ्याला काय तोटा?

घराच्या मागच्या अंगाला घाणा, तो भिकुबाईचा. पुढच्या अंगाला दुकान, ते वनाचं. मधल्या दारातून तेल मागून पुढे जायचं आणि पुढून गिऱ्हाइकाच्या बाटलीत. एरंडेलाला मात्र एक वाट वेगळी होती. पहिल्या पिळाचं, न भाजलेल्या बियांचं, तीनदा कापडातून गाळलेलं एरंडेल भिकुबाई मागच्या कोनाड्याखाली एका डब्यात वेगळं ठेवी. गावची सुईण यशोदाबाई मागच्या दाराने येऊन बाळंतिणींसाठी त्यातलं घेऊन जाई. बाकीचं पुढे दुकानात जाई आणि तिथे त्याचं काय होतं हे पाहायला भिकुबाईला कधी सवड झाली नाही.

वना माणूस वाईट नव्हता. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि गप्पा मारायला बसला की दुकानासमोरची गाढवंसुद्धा कान टवकारत. बायकोवर त्याचा जीव होता. फक्त तो कोणासमोर दाखवायचा नसतो, असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि त्याच्या बापाला आजोबाने.

सन एकवीसच्या माघात एका सकाळी आभाळात फटफट आवाज झाला. बैलाने कान हलवले. भिकुबाई हातातला पेंडीचा गोळा तसाच धरून अंगणात आली आणि वर पाहते तो काय, दोन मजली पंखांचं, काठ्या आणि कापडाचं एक अजब लचांड रुळांवरून तरंगत येत होतं. स्टेशनाला एक फेरी मारून ते पलीकडच्या कापूस वेचून झालेल्या वावरात उतरलं, दोन उड्या मारल्या आणि थांबलं. भिकुबाई धावत सुटली. मागे बैल बिचारा एकटाच फिरत राहिला. त्याला थांब म्हणायचं ती विसरली होती.

वावरात सारा गाव गोळा झाला. विमानातून उतरला एक तांबड्या केसांचा, ठिपक्याठिपक्यांच्या तोंडाचा साहेब. लढाईत विमान चालवलेला. आता लढाई संपली म्हणून जुनं विमान विकत घेऊन गावोगाव लोकांना वर नेऊन आणण्याचा धंदा करत होता. सुरतेहून भुसावळला चालला होता, वाट चुकू नये म्हणून रुळांच्या वरून. नरडाण्याला त्याचे पेट्रोलचे डबे आधीच आगगाडीने येऊन पडले होते. भिकुबाई गर्दीतून पुढे सरकली आणि तिला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर वास. साहेबाच्या चामडी कोटाला, टोपीला, गळ्यातल्या रुमालाला बाळंतिणीच्या खोलीचा वास येत होता. हा वास तिने झोपेतही ओळखला असता. एरंडेल! एवढा बाप्या माणूस आणि एरंडेलाने न्हालेला. ती हसली, मग तिने त्या पंखांकडे पाहिलं, त्या दोन खोलगट बैठकांकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. आपण यात बसायचं, असं तिच्या मनाने ठरवून टाकलं. मनाला काय, ते विचारून थोडंच ठरवतं! पण एकदा ठरल्यावर तिच्या छातीत असं काही धडधडू लागलं की तिने पदर घट्ट धरला.

साहेबाची अडचण तारबाबू मोतीलालने लोकांना सांगितली. मोतीलालला इंग्रजी यायचं, पण ते तारेतलं. मोजके शब्द, मधलं सगळं गाळलेलं. पेट्रोल पोचलं होतं. तेलाचं पिंप मात्र वाटेत सांधा उकलून रिकामं झालं होतं. मोतीलाल उंचावर उभा राहिला आणि म्हणाला, साहेबाला एरंडेल पाहिजे. ताबडतोब. एक डबा.

डबा म्हणजे रॉकेलचा डबा, चार गॅलनचा. एरंडेलाचा उपयोग काय तो लहान पोरालाही ठाऊक. सगळ्यांच्या नजरा साहेबाच्या पोटाकडे वळल्या.

"साहेबनं पोट भलतंच धरेल दिखस," पाटील भाईदासनाना हळहळून म्हणाले.

मग काय विचारता! नरडाणं पाहुण्याच्या मदतीला मागे राहणारं गाव नव्हे. कोणी सुंठ उगाळून आणली, कोणी कोमट दूध. दोघांनी साहेबाला बाजेवर बसवलं, एक जण पाठीवरून हात फिरवू लागला, आणि यशोदाबाईने वाटीभर एरंडेल त्याच्या तोंडाशी नेलं. साहेब ओरडत होता, हात झाडत होता. दुखणं फार दिवसांचं आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. मोतीलालने मध्ये उडी घातली नसती तर त्या दिवशी विमान काही उडालं नसतं.

तेल इंजिनाला पाहिजे, हे कळल्यावर तर लोक आणखीच चक्रावले. ते उलगडून सांगायला दुपारच्या गाडीने दोंडाईच्याहून नूर महंमद मिस्त्री आला. जिनिंगच्या ऑइल इंजिनावर पंधरा वर्षं घालवलेला फिटर. साहेबाने इंजिन तपासायला तार करून त्याला बोलावलं होतं. नूर महंमदने बाह्या सावरल्या, इंजिनावरचं झाकण काढलं आणि थिजून उभा राहिला. त्याच्या जिनिंगचं इंजिन एका सिलिंडरचं, पायात काँक्रीट ओतून पक्कं बसवलेलं. ते जागेवर राही आणि चाक फिरे. इथे मधला दांडा विमानाला घट्ट जखडलेला, आणि त्याच्याभोवती नऊ सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे लावलेले. साहेबाने हाताने पंखा फिरवून दाखवला, तर पंख्याबरोबर नऊच्या नऊ सिलिंडरही गरगर फिरले. दांडा जागचा हलला नाही. नूर महंमदने दोनदा फिरवून पाहिलं. इंजिनच फिरतं म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात शिरेना. दळणारी बाई जात्याभोवती धावते आहे, असं त्याला वाटलं आणि त्याने कपाळ पुसलं.

भिकुबाई एव्हाना पार इंजिनाशी येऊन पोचली होती. मान वाकडी करून ती पाहत होती. तिला त्यात नवल काहीच दिसेना.

"मिस्त्री, हाऊ ते नऊ बैलना घाना शे," ती म्हणाली. "मधलं उखळ हालत नई, बैल फिरतस."

नूर महंमदने तिच्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं आणि एकदम मोठ्याने हसला. त्याचं कोडं सुटलं होतं. त्यानंतर तो तिला अक्का म्हणू लागला आणि पाने-पकडी तिच्या हातात देऊ लागला. दोघांनी मिळून नऊ प्लग काढले, घासले, परत बसवले. कुठली वायर कुठल्या सिलिंडरला जाते, वारा लागून सिलिंडर कसे थंड राहतात, हे तो सांगे आणि ती मान डोलवी. तिच्या हातांना काळं लागलं आणि कपाळावर कुंकवाच्या शेजारी ग्रीसचं बोट उमटलं. तिची सासू लांबून कपाळावर हात मारत होती.

इकडे वनाने दुकानातला एरंडेलाचा डबा डोक्यावर घेऊन मिरवत आणला. साहेबाने बोट बुडवलं, वास घेतला, होकाराची मान हलवली. डबा विमानाच्या तेलाच्या टाकीत रिकामा झाला. मग साहेबाने मोतीलालला जवळ घेऊन काहीतरी सांगितलं, आणि मोतीलाल पुन्हा उंचावर चढला. साहेबाची एक रीत होती. मागे एका गावात कसलंतरी तेल मिळालं आणि तो उसाच्या मळ्यात डोक्यावर पडला होता. तेव्हापासून ज्याचं तेल, त्याला तो पुढच्या बैठकीत बसवी. फुकट. त्याच्याशिवाय चाक हलवायचं नाही.

वावरात गलका उठला. वनाने छातीवर हात मारला.

"तेल मनं शे. मीच बठस."

भिकुबाईचं काळीज लकाकलं आणि विझलं. तेल कोणी पिळलं होतं? बिया कोणी निवडल्या, कोणी फोडल्या? पण दुकान वनाचं, डबा वनाचा, आणि नवऱ्याने चारचौघांत छातीवर हात मारल्यावर बायकोने काय बोलायचं असतं! ती मागे सरकली. तिला रडूच यायचं, पण सवय नसल्याने आलं नाही. वनाला हार घातला, टिळा लावला, विमानापुढे नारळ फुटला. नातेवाइकांनी त्याची माफी मागून घेतली, न जाणो पुन्हा भेट होते की नाही. वनाने साहेबाची जादा चामडी टोपी पागोट्यावरच चढवायचा प्रयत्न केला.

आता यात नूर महंमदचा दोष काही नव्हता. त्याला नवं इंजिन कळलं होतं आणि ज्याला काही नवं कळतं त्याला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. तो वनाजवळ गेला आणि प्रेमाने समजावू लागला. या इंजिनात पेट्रोलची वाफ मधल्या पोकळ दांड्यातून येते, तेलही तिथेच असतं. दुसरं कोणतंही खाण्याचं तेल असेल तर पेट्रोल त्याला विरघळवून धुऊन नेईल, लोखंडावर लोखंड घासेल, आणि वर आभाळात इंजिन जागच्या जागी आवळून बसेल. एका एरंडेलाला पेट्रोल शिवत नाही. म्हणून तर एरंडेल! करडईचं थोडं जरी त्यात असतं ना वनाभाऊ, तर आज तुमचे नि साहेबाचे तुकडे गोळा करावे लागले असते. असं म्हणून नूर महंमदने त्याच्या पाठीवर थाप मारली.

वनाचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला. त्याने टोपी काढली. मग पोटावर हात ठेवला. मग दोन्ही हात ठेवले आणि खाली बसला. पोटात भयंकर कळ आली आहे, असं त्याने जाहीर केलं. गाव पुन्हा सुंठ उगाळायला धावला.

भिकुबाई मात्र धावली नाही. वीस वर्षांच्या संसारात या माणसाचं पोट दुखताना तिने पाहिलं नव्हतं. ती त्याच्याशेजारी बसली, पदराआड तोंड नेलं आणि एवढंच विचारलं, "किती?"

आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, ते वनाने पाहिलं.

"चारमा एक," शेवटी तो पुटपुटला.

करडई. चार भागांत एक भाग. तिच्या घाण्यातून निघालेलं सोन्यासारखं तेल मधल्या दारातून पुढे जात होतं आणि त्यात हा माणूस करडई ओतत होता. आणि ते लोकांच्या पोरांच्या पोटात जात होतं, म्हाताऱ्यांच्या सांध्यांना लागत होतं. भिकुबाईला असा राग आला की तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गावासमोर उभं राहून ओरडावंसं वाटलं. पण समोर टाकीत ते तेल होतं, साहेब पंख्याला हात घालत होता, आणि रागाला नंतर वेळ होता.

"मिस्त्री," ती उठून म्हणाली, "चुकीसन दिवाबत्तीनं तेल ई गयं. टाकी मोकळी करा, मी दुसरं लई येस."

ती घरी धावली, कोनाड्याखालचा डबा उचलला आणि तो अठरा शेराचा ऐवज कमरेवर घेऊन तशीच परत धावली. बैल अजून फिरतच होता. जाता जाता तिने त्याला थांब म्हटलं.

नूर महंमदने तोवर टाकी रिकामी केली होती. फिटर माणूस, त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने दोन वाट्यांत पेट्रोल घेतलं. एकीत टाकीतल्या तेलाचा थेंब सोडला. पेट्रोल गढूळलं. दुसरीत भिकुबाईच्या डब्यातला थेंब सोडला, तो सरळ तळाशी जाऊन गोळा होऊन बसला. साहेबाने दोन्ही वाट्या पाहिल्या, पोट धरून बसलेल्या वनाकडे पाहिलं, आणि मोतीलालला एकच प्रश्न विचारला. या दुसऱ्या वाटीतलं कोणी काढलं?

मोतीलालने भिकुबाईकडे बोट दाखवलं. साहेबाने पुढच्या बैठकीकडे बोट दाखवलं.

आता गावाला कंठ फुटला. तेलीण आभाळात जाणार? सासू आडवी पडायच्या तयारीत. भाईदासनाना पुढे आले, भले माणूस, घसा खाकरून म्हणाले, "बाई मानूस वर जाई नि काही व्हई गयं म्हंजे?"

"मंग तुम्ही बठा, नाना," भिकुबाई म्हणाली.

नानांना तेवढ्यात आठवलं की त्यांना दमा आहे. त्यांच्यामागच्याला वावरात पाणी सोडायचं होतं, त्याच्यामागच्याच्या घरी पाहुणे यायचे होते. भिकुबाईने एकेकाकडे पाहिलं आणि एकेक जण पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. शेवटी ती वनाकडे वळली. इथे सगळं अडलं होतं. तो नाही म्हणाला असता तर ती बसली नसती, राग कितीही असो, आणि मग उभा जन्म त्या वावराकडे पाहत काढला असता. वनाने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"जाऊ द्या तिले," तो म्हणाला.

नूर महंमदने तिचा पदर कमरेत खोचायला लावला, पट्टा आवळला, टोपी तिच्या अंबाड्यावर कशीबशी बसवली, डोळ्यांवर साहेबाचा जादा चष्मा चढवला. मग त्याने पंख्याला झटका दिला. नऊ बैल एकदम उधळले. धूर, धुरळा, आणि मागे उभ्या असलेल्या अर्ध्या गावावर एरंडेलाचा बारीक फवारा! लोकांनी गंमत म्हणून तोंडं उघडी ठेवली. ती चूक त्यांना पुढचे दोन दिवस पुरली. नाल्याकाठी सकाळी बसायला जागा मिळेना आणि गावात एक लोटा म्हणून जागेवर राहिला नाही.

वावर मागे पळालं, बाभळी खाली गेल्या, आणि भिकुबाईच्या पायाखालून जमीन निघून गेली. तिला वाटलं होतं भीती वाटेल. हसू आलं. एकदा आलं ते थांबेना. तोंडावर एरंडेलाचे कण, काचांवर एरंडेल, ओठांवर एरंडेल, आणि मधोमध भिकुबाई खदखदून हसतेय, ऐकायला कोणी नाही. साहेबाने विमान एका पंखावर कलतं केलं. सातपुडा उभाच्या उभा आडवा झाला, तापी भिंतीवर टांगलेल्या ओल्या लुगड्यासारखी लोंबू लागली, आगगाडीचे रूळ आभाळात घुसले. गोल, पुन्हा गोल. साहेब मागून डोकावून पाहत होता, ही ओकते की काय. ती त्याला हाताने खूण करत होती, आणखी फिरव. आपलं घर कुठलं हे तिने शोधून पाहिलं, सापडलं नाही. त्याचंही तिला हसू आलं. या इंजिनाला जोर कमी-जास्त करायची सोय नव्हती, म्हणून उतरताना साहेब बटण दाबून ते बंद करी, सोडून चालू करी. मधल्या त्या शांततेत वारा तेवढा तारांमधून वाजे, आणि त्या वाऱ्यात खाली गावाला पहिल्यांदा ऐकू आलं की तेलीण वर हसते आहे.

उतरल्यावर बायकांनी तिला गराडा घातला. ती तेलाने चिंब, डोळ्यांभोवती तेवढी चष्म्याची दोन कोरडी वर्तुळं. पाय सरळ पडत होते. नूर महंमदने इंजिनाला हात लावून पाहिला, नऊच्या नऊ सिलिंडर सारखे गरम होते. साहेबाने टोपी काढून तिला वाकून काहीतरी म्हटलं. मोतीलालने त्याचा अर्थ सांगितला, तेल फार चांगलं आहे. मग उरलेला डबा घेऊन साहेब रुळांवरून भुसावळकडे उडून गेला.

दिवस कलल्यावर नवरा-बायको घराकडे निघाली. वना चार पावलं मागून चालत होता. गावाची वेस आली तेव्हा त्याने विचारलं.

"तुले भीती नई वाटनी?"

भिकुबाई थांबली. मागे वळून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. दुपारपासूनचा राग तिथे होता, आणि हसूही होतं, दोन्ही सोडायला ती तयार नव्हती.

"नई," ती म्हणाली. "तेल मनं व्हतं."

घरी पोचल्यावर वनाने दुकानात होतं तेवढं मिसळीचं एरंडेल बाहेर काढलं आणि आळीतल्या बैलगाड्यांच्या आसांना, उजेड होता तोवर, एकेक करून घालत बसला.